हळदीकुंकवाची बाटली

...अहो, हसताय काय? तुम्हाला सांगतो, त्या नळीसमोर एकदा उभं राहून दाखवा आणि मग हसा! लोकांना वाटतं, जयवंताचं काय, बारामतीतल्या जळोचीच्या लॅबमध्ये पंख्याखाली उभा राहतो, पांढरा कोट घालतो, थेंब पडताना बघतो आणि पगार घेतो. माझा चुलतभाऊ तर तोंडावर म्हणतो, "थेंब तर आमचा नळ बी टाकतो की रं, त्याला कोण पगार देतंय?" आता काय सांगायचं ह्याला? अरे बाबा, नळाचा थेंब चुकला तर बादली भरत नाही, माझा थेंब चुकला तर गावाच्या पोटात औषध जातं! थेंब बघायला काळीज लागतं, काळीज. आणि माझं तर त्या दिवशी तोंडात आलं होतं, ते अजून नीट खाली गेलेलं नाही.

आता नळी म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पाइपलाइनीत काम करतो. इंजेक्शनच्या सिरिंजएवढी प्लॅस्टिकची नळी. तिच्या पोटात चिमूटभर पांढरी पूड, वर एक चकती, खाली एक चकती, मध्ये पूड दाबून बसवलेली. आमच्याकडं दूध येतं तपासायला. म्हैस आजारी पडली, तिला अँटिबायोटिक दिलं, की ते दुधात उतरतं. किती? अहो, डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, इतकं. ते दूध यंत्राला सरळ पाजून चालत नाही, यंत्र चोंदतं. म्हणून आधी दुधात आम्ल टाकून ते फाडायचं, गरगर फिरवायचं, चोथा खाली बसला की वरचं निवळ पाणी घ्यायचं आणि नळीत ओतायचं. ते पुडीतून थेंब थेंब झिरपतं. बाकी सगळं वाहून जातं, पण औषधाचा कण असला, तर तो त्या पुडीला धरून बसतो. जत्रेत पोरगं आईच्या पदराला धरतं ना, तसा! मग दुसरा द्रव ओतून त्याला सोडवून घ्यायचा आणि मोठ्या यंत्रापुढं उभा करायचा. बोल बाबा, कोण तू? कुठल्या म्हशीचा?

ऐकायला सोपं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण त्यात एक मेख आहे. पूड आधी भिजवायची, आणि एकदा भिजवली की दूध आत जाईपर्यंत तिच्यावरचं पाणी आटू द्यायचं नाही. आटलं तर आत भेगा पडतात, औषध भेगांतनं निसटून जातं, आणि यंत्र म्हणतं, काही सापडलं नाही, दूध एकदम शुद्ध! खोटं शुद्ध! आमच्या स्वप्नाली मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी बोट वर करून सांगितलं, "काका, बाकी काहीही विसरा. नळी कोरडी पडली की संपलं!"

बास. तेव्हापासून झोपेतही मला तेच ऐकू येतं. नळी कोरडी पडली की संपलं!

तर आता तो दिवस. माझ्या वैष्णवीचं लग्न ठरलं होतं पणदऱ्याच्या सोनबातात्यांच्या इंद्रजितशी. पत्रिका छापून आल्या, पहिली मोरगावच्या गणपतीपुढं ठेवून झाली, आचारी ठरला, माझी बायको सारजा उठता-बसता "आमच्या वैष्णवीचं सासर" म्हणायला लागली. आणि सोनबातात्या म्हणजे कोण? तर गावातल्या दूध संकलन केंद्राचे चेअरमन! आवाज असा की फोनवर बोलले तर फोनची गरज नाही. तर नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या केंद्राचा टँकर मोठ्या डेअरीतनं परत आला. कशानं? दुधात औषध! कुणाच्या म्हशीचं, पत्ता नाही. सगळ्या गावाचं दूध एकात एक मिसळलेलं. मग तात्या केंद्राच्या ओट्यावर उभे राहिले आणि गरजले, "परत्येकाचं दूध येगळं तपासायचं! ज्याच्या दुधात सापडंल त्याचं दूध बंद! मग तो कुणी बी असू दे, माझा बाप का असंना!"

बाप वारला त्यांचा मागंच. पण मुद्दा कळला सगळ्यांना.

आणि तपासायचं कुठं? तर जळोचीत. कुणाच्या हातानं? आता तुम्हीच सांगा, बारामती तालुक्यात लॅब काय एक आहे? पण नाही! सकाळी मी कोट घालतोय तर दारात तात्या, हातात बाटल्यांचा क्रेट. "काय व्याही! आणलं बगा समदं गाव तुमच्या पायापाशी!" मी म्हटलं, तात्या, इथं पाय नसतात, टेबल असतं, आणि बाटल्यांवर फक्त नंबर हवेत, नावं कुणी सांगायची नाहीत. "न्हाय न्हाय, नाव कशाला सांगू? मी काय येडा हाय व्हय?" म्हणाले आणि बाहेरच्या खुर्चीवर फतकल मारून बसले. खरंच, नाव एकाही बाटलीवर नव्हतं. सगळ्या बाटल्या सारख्या, सगळ्यांवर नंबर. पण एका बाटलीच्या झाकणाला काय होतं? हळदीकुंकवाचं बोट!

माझ्या पायाखालची फरशी सरकली. अहो, दुधाच्या नमुन्याला हळदीकुंकू कोण लावतं? व्याह्यांच्या घरी वस्तू पाठवणारी विहीणच लावणार की! बनाबाई! आमच्या विहीणबाई! नंबर गेला खड्ड्यात, बाटली ओरडून सांगत होती, मी पोरीच्या सासरची!

मी सरळ मॅडमकडं गेलो. म्हटलं, मॅडम, ही बाटली माझ्या व्याह्यांची आहे, मला ह्यातनं सोडवा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या जोडीचा दीपक रजेवर आहे काका, दुसरं कोण करणार? मी मागं उभी राहते. यंत्राला व्याही कळत नाही." यंत्राला नाही हो कळत! पण मला कळतो ना! ह्या दुधात सापडलं तर तात्यांची गावात अब्रू जाणार, आणि ती घालवली कुणी, तर पोरीच्या बापानं. मग लग्न राहील? आणि सापडायला हवं असून माझ्या हातनं निसटलं, तर लोक काय म्हणतील? व्याह्यासाठी निसटू दिलं! म्हणजे इकडं पोरीचं लग्न, तिकडं माझी भाकरी, आणि मध्ये काय? चिमूटभर पूड! आणि ती नळी कोरडी पडली की संपलं!

लागलो कामाला. काचेच्या पेटीवर नळ्या एका ओळीत उभ्या केल्या, खालून पंप लावला, पुड्या भिजवल्या. दूध फाडलं, फिरवलं. सगळ्यांचं निवळ पाणी आलं. आणि हळदीकुंकवाचं? ताकासारखं गढूळ! पुन्हा फिरवलं. पुन्हा गढूळ! तरी ओतलं. मोरया म्हटलं आणि ओतलं.

टप... टप... टप... सगळ्या नळ्यांतनं थेंब पडायला लागले. पहिली चालू, दुसरी चालू... आणि हळदीकुंकवाची? एक थेंब पडला. दुसरा अर्धा बाहेर आला, लोंबकळला, आणि तिथंच राहिला! पडेना! मी वाकून बघतोय, तो माझ्याकडं बघतोय. काचेच्या दारातनं तात्या हात करताहेत, "काय व्याही, चाललंय न्हवं?" मी मान हलवतोय. कशी हलवतोय ते मलाच माहीत नाही, हो म्हणून की नाही म्हणून. तेवढ्यात खिशातला फोन. सारजा! "अवं, तात्या तिथं आल्यात म्हणं? त्यांना च्या पाजला का? आन् दूध कुठलं वापरलं?" मी म्हटलं, सारजे, फोन ठेव! इकडं पंपाची ओढ जरा वाढवावी तर बाकीच्या नळ्या भसाभस रिकाम्या व्हायला लागल्या! तिसरीतलं पाणी पुडीला टेकलं! धावलो, ओढ कमी केली, तिच्यात भर घातली, तोवर सातवी टेकली, तिच्यात घातली... अहो, एका टोकाला नळी चोंदलेली, दुसऱ्या टोकाला नळ्या आटायला लागलेल्या, आणि मी मध्ये कोट सावरत पळतोय, तोंडानं पुटपुटतोय, नळी कोरडी पडली की संपलं, नळी कोरडी पडली की संपलं...

आणि तेवढ्यात मॅडम आत आल्या. मागं उभ्या राहणार होत्या त्या, पण त्यांनाही मोठ्या यंत्रानं मध्येच बोलावलं होतं ना! आल्या, दोन पावलं टाकली आणि थबकल्या. मी मास्क लावलेला, माझं नाक रसायनांनी कधीच मेलेलं. पण त्यांनी वास घेतला. "काका," म्हणाल्या, "लॅबमध्ये मसाला दूध कुणी आणलं?"

मसाला दूध! मी हळदीकुंकवाची बाटली उघडली, मास्क खाली केला, नाक लावलं. वेलदोडा! घसघशीत वेलदोडा! जिभेला लावायची आमच्याकडं बंदी आहे, म्हणून लावलं नाही. पण बोटाला चिकट लागत होतं. साखर! आणि वर काय तरंगत होतं, तर साय!

मॅडमचा चेहरा असा झाला... "काका, हे मुद्दाम केलंय. नमुन्यात फेरफार. मला तसं लिहावं लागेल." फेरफार! तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांपुढं मांडव उभा राहिला आणि तिथंच खाली बसला. चेअरमनच्या दुधात फेरफार! म्हटलं, मॅडम, लिहायच्या आधी एकदा विचारा तरी. तात्यांना आत बोलावलं. तात्यांना काहीच कळेना. "फेरफार? तो तलाठी करतो की! आमी कशाला करू?" मग त्यांनी घरी फोन लावला, स्पीकर न दाबताच सगळ्या लॅबला ऐकू जात होतं.

"अगं ए, त्या बाटलीत काय घातलंस?"

"दूध घातलं की!"

"नुसतं?"

"नुसतं कसं? पाव्हण्याच्या हातात जायचं दूध, कच्चं कसं पाठवायचं? चांगलं तापवलं, आटवलं, साखर घातली, इलायची घातली. का वो? कमी पडली व्हय साखर?"

मॅडम माझ्याकडं बघताहेत, मी छताकडं बघतोय, तात्या फोनकडं. आणि बनाबाई पलीकडनं, "पाव्हण्यांनी पिलं का? काय म्हणलं?"

काय म्हणणार? अहो, आता हिला कसं सांगायचं, की बाई, पाहुण्यानं तुझं दूध आम्लात फाडलं!

बरं, फेरफार टळला. मॅडमनी लिहिलं, नमुना चुकीच्या पद्धतीनं घेतला, पुन्हा घ्यावा. आणि ह्या वेळी त्या स्वतः निघाल्या, "काका, तुम्ही फक्त रस्ता दाखवा, बाटलीला हात लावू नका." गेलो पणदऱ्याला. पुढं तात्यांची गाडी, मागं आम्ही, दोन्ही बाजूंना ऊस. व्याह्याच्या दारात असं जातात का हो? ना टोपी, ना नारळ, हातात बर्फाचा डबा! बनाबाईंनी पाट मांडले, ओवाळायला ताट घेतलं. मॅडम सरळ गोठ्यात. म्हशीनं मॅडमला हुंगलं, माझ्याकडं बघितलं, आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, तिलाही कळलं होतं की हा मुलीचा बाप आहे. तिच्या चारी सडांतलं दूध मॅडमनी समोर काढून घेतलं, बाटली बंद केली, बर्फात ठेवली. बनाबाई दारात ताट घेऊन तशाच. "आवं, निदान हळदीकुंकू तरी लावू द्या झाकणाला!" मॅडम म्हणाल्या, "नको." एवढंच म्हणाल्या. बनाबाईंनी ताट खाली ठेवलं, त्याचा जो आवाज झाला ना, तो मी बारामतीपर्यंत ऐकत आलो.

पुन्हा नळी, पुन्हा पूड, पुन्हा बाहेरच्या खुर्चीवर तात्या. ह्या वेळी निवळ पाणी आलं, बघून वाटलं चांदीच. मॅडम खरंच मागं उभ्या. आणि मी ओतणार, तेवढ्यात वीज गेली! पंप बंद! नळी भिजवलेली, वरचं पाणी आपल्या वजनानं हळूहळू खाली सरकतंय. मॅडम जनरेटरकडं धावल्या, मी नळीच्या तोंडाला डोळा लावून उभा. पाण्याची रेघ उतरतेय... उतरतेय... पुडीला टेकायला केसभर राहिली. आणि तुम्हाला आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या मनात आलं. आपण काही करायचंच नाही! नुसतं उभं राहायचं. पूड आपोआप वाळेल, औषध असलं तरी निसटेल, दूध शुद्ध निघेल, लग्न पार पडेल, आणि दोष कुणाचा? वीज मंडळाचा! हात लावायचा नाही, खोटं बोलायचं नाही, नुसता श्वास रोखून उभं राहायचं!

रेघ टेकली हो. टेकली! आणि माझा हात? माझा गाढव हात आपला आपण गेला, पिचकारी उचलली आणि पाणी घातलं. सवय! दुसरं काय? वर्षानुवर्षं कानात एकच, नळी कोरडी पडली की संपलं!

जनरेटर लागला. दूध झिरपलं, पूड धुतली, आणि मग गंमत बघा, शेवटी ती कोरडीच करायची असते, मुद्दाम, हवा ओढून! जन्मभर जिला जपायचं तिला शेवटी आपणच वाळवायचं. मग सोडवलेला थेंब यंत्रात गेला. पडद्यावर सरळ रेघ. सरळ... सरळ... मला वाटलं, सुटलो! आणि एकदम तिनं डोंगर काढला. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, आहे."

तात्यांना सांगायला मी बाहेर गेलो. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज मी बारीक ऐकला. घरी फोन लावला. "म्हशीला काय दिलंस?" तर बनाबाई म्हणाल्या, "दगडी झाली हुती, कास सुजली हुती. एका सडात डॉक्टरनं औषधाची ट्यूब सोडली. पर त्या सडाचं दूध मी टाकून दिलं की! बाकी तिनाचंच घातलं केंद्रात. मला काय कळत न्हाय व्हय?" आता बाईला कोण सांगणार, की औषध एका सडात सोडलं तरी रक्तातनं चारी सडांत उतरतं, म्हैस काय चार नळांची टाकी आहे? आमच्याकडं निम्मं गाव असंच करतं, अगदी मनापासून, स्वच्छ हातानं करतं.

तात्या उठले. संध्याकाळी कळलं, केंद्राच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझंच दूध हाय. माझं बंद."

मग आमच्या घरी जी भीती शिरली... सारजा रडतेय, वैष्णवी उरलेल्या पत्रिका पुन्हा पुन्हा मोजतेय. फोन वाजला की तिघंही त्याच्याकडं बघायचो, उचलायचा कुणी? आणि एक दिवस दारात गाडी थांबली. तात्या! एकटेच. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं, तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "जयवंतराव, लोकं इचारत्यात, लग्न मोडता का म्हणून." मी भिंत धरली. "म्हणलं, मोडून काय करू? दुसरा व्याही शोधायचा, तर तो बी कुठंतरी कामाला असणारच की! हा निदान नुसतं दूध तपासतो. उद्या वीजमीटर तपासणारा भेटला म्हणजे?" आणि हसले. असे की घरची भिंत हलली. जाताना हळूच म्हणाले, "वीज गेली तवा मी काचंतनं बगत हुतो, व्याही. पाणी घातलंत तुमी." एवढंच. आणि गेले.

लग्न झालं. थाटात झालं! पण बनाबाई? नमस्कार, हसणं, मानपान सगळं व्यवस्थित. फक्त मी पंगतीत बसलो की बासुंदीचं भांडं माझ्या शेजाऱ्यापासनं परत फिरायचं. मांडवपरतणीला गेलो, सगळ्यांना दुधाचा चहा, मला कोरा. माझी स्वतःची लेक कप घेऊन आली, मान खाली घालून. "आबा, सासूबाई म्हणल्या, तुम्हाला हाच द्यायचा." आतनं आवाज आला, "त्यांच्या हातात दूध गेलं, की त्याचा निकाल लागतो गं!" हे पसरलं हो सगळीकडं. इंदापूरला पाहुण्यांकडं गेलो, तिथंही मला बघून आतनं, "दूध झाका गं!"

तर मी म्हटलं, असू दे, आपल्या घरी तर आपलं राज्य आहे. पण आता आमच्या घरी दूध कुठलं येतं? पणदऱ्याचं! जावई बारामतीला येता-येता रोज किटली ठेवून जातो, विहीणबाईंचा हुकूम. परवा सारजानं चहा ओतायला घेतला, मी म्हटलं, मला कोराच दे. तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "का वो? लेकीच्या सासरचं दूध हाय, औषधाचे दिवस कवाच सरले. एवढा संशय असंल तर न्या की थेंबभर लॅबात, बगा तपासून!"

मी तिच्या हातनं कोऱ्या चहाचा कप घेतला आणि म्हटलं, नको बाई. तपासलं, तर निकाल द्यावा लागतो.